आठ सीएल आणि एक पदवी

मुक्त विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ असते आणि ती सहसा कुणी वाचत नाही: एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे अभ्यासाचे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. गुणाकार केला की ३,६०० तास. तीन वर्षांचे दिवस १,०९५. भागाकार केला की रोजचे तीन तास सतरा मिनिटं. यात रविवार धरलाय, लक्ष्मीपूजन धरलंय, अनंत चतुर्दशी धरलीय आणि चुलतभावाच्या मुलीचं बारसंही धरलंय. हा हिशोब ज्याने बसवला त्याला नोकरी नसावी, आणि असलीच तर विद्यापीठातच असावी.

आता जमेची बाजू बघू. डोंबिवलीत राहणारा आणि फोर्टात नोकरी करणारा एक सरळमार्गी माणूस घ्या. ऑफिस नऊ तास, जेवणाची सुट्टी धरून. घराच्या दारापासून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत पावणेदोन तास, म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन. झोप सात तास. डॉक्टर सांगतात म्हणून धरू. बेरीज साडेएकोणीस. उरले साडेचार. त्यातून अंघोळ, दोन वेळचं खाणं, भाजी, दूध, इस्त्रीचे कपडे आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या मोटारीबद्दल मत देणं, असे अडीच तास वजा. हातात राहिले दोन. लागतात तीन तास सतरा मिनिटं. रोजची तूट सत्त्याहत्तर मिनिटं.

नोकरी करून शिकणाऱ्याचा मुख्य विषय ही तूट. बाकी अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र वगैरे ऐच्छिक.

कॉलेज कोणतं घ्यायचं, इथूनच गोंधळ सुरू होतो. नियमित कॉलेजात ७५ टक्के हजेरी लागते, आणि दहा ते पाच दोन ठिकाणी हजर राहण्याची विद्या अजून कुठल्याही विद्यापीठाने अभ्यासक्रमात घेतलेली नाही. नोकरदाराच्या शिक्षणाची काळजी आपल्याकडे फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे शिकणाऱ्याला नंतर कामावर जाता यावं. सोय चोख होती. फक्त तेव्हाचा कारकून गिरगावातून किंवा परळमधून यायचा. आज सकाळी सातच्या वर्गाला बदलापूरहून यायचं तर पहाटे पाचच्या आधीची लोकल पकडावी लागते, आणि त्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पहिलं काम माणूस झोपण्याचं करतो.

कुणाला वकील व्हायचं असतं. ‘संध्याकाळचं लॉ कॉलेज कर, आमच्या साहेबांनी तसंच केलं’ असा सल्ला देणारा एक काका प्रत्येक घरात असतो. साहेबांचा काळ वेगळा होता. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच घ्यायचे आणि हजेरी ७० टक्के हवी. वकिली, इंजिनिअरिंग, वैद्यक हे दूरशिक्षणाने होतच नाही. कुणी ‘घरबसल्या एलएलबी’ विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

मग उरतं मुक्त विद्यापीठ. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीदवाक्य आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. ती घरोघरी येते खरी. आपण त्या वेळी कल्याण आणि ठाण्याच्या मध्ये कुठेतरी उभे असतो. पदवीच्या दर्जाची काळजी करू नये, दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्येही पुन्हा सांगितलेलं आहे. एवढंच बघावं, की त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे. विद्यापीठ यादीत असतं आणि आपला अभ्यासक्रम नसतो, असंही घडतं. पैसे भरण्याआधी यादी बघायला पाच मिनिटं लागतात. नंतर बघितली तर वर्ष जातं.

प्रवेशाचा अर्ज ही पहिली परीक्षा, आणि तिला गुण नाहीत. फोटो २० ते ५० केबीत बसवायचा असतो, सही १० ते २० केबीत. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे आपण जेवढे आहोत त्याच्या साधारण शंभरावा हिस्सा उरेपर्यंत स्वतःला दाबायचं. इथे बहुतेक जण एक घोळ घालतात: अख्खा फोटो तसाच ठेवून नुसता दर्जा कमी करतात. चेहरा विरघळतो, आणि परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक हॉल तिकिटावरचा धुरकट गोळा आणि समोरचा घामाघूम माणूस यांचा संबंध लावत उभे राहतात. आधी फोटो कापून फक्त चेहरा आणि खांदे ठेवावेत, मग लांबी-रुंदी साधारण २०० बाय २३० पिक्सेलवर आणावी. वजन आपोआप उतरतं, नाक जागेवर राहतं. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने करून दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. ट्यूबलाइटखाली काढली की कागद राखाडी येतो आणि आपलीच सावली सहीवर पडते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आपलं नाव आधी. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. नियम एकच: अर्जात गुणपत्रिकेप्रमाणे नाव लिहायचं आणि आधार वेळेत दुरुस्त करून घ्यायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंना विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडावी लागते, आणि पदवीवर कोणतं नाव हवं हा विचार प्रवेशाच्या वेळीच करावा लागतो, कारण जे इथे लिहाल तेच शेवटी छापून येतं. मध्ये शिक्षण सुटलं असेल तर खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात आपण शपथेवर सांगायचं असतं, की मधल्या काळात मी कुठेही शिकलो नाही. नोकरी केली ती याला पुरावा म्हणून चालायला हरकत नव्हती.

आणि एक: सायबर कॅफेत अर्ज भरत असाल तर ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतः टाइप करा. कॅफेवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, मग पुढे विद्यापीठाचा प्रत्येक निरोप, प्रत्येक पासवर्ड त्याच्याकडे जातो. आपल्या पदवीची इत्थंभूत माहिती स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात, आणि आपण अंधारात.

इथपर्यंत पोचलेल्या माणसाला वाटतं, आता अभ्यास. माझं म्हणणं, आता रजा. नोकरदार विद्यार्थी बुद्धीने नापास होत नाही, रजेने होतो. म्हणून पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक नाही, स्वतःच्या रजेचं खातं उघडावं.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने, म्हणजे २०१७ च्या, तो जिथे लागू आहे अशा खाजगी नोकरीत वर्षाला आठ सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, मिळतात. त्या तिमाहीच्या हिशोबाने खात्यात पडतात, म्हणजे दर तिमाहीला दोन, आणि वर्षअखेर न वापरलेल्या जातात. जूनच्या परीक्षेपर्यंत फार तर चार जमलेल्या असतात. डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत आठही जमतात, पण इथे दुसरंच गणित आडवं येतं: ३१ डिसेंबरला सीएल मरणार हे सगळ्या ऑफिसला माहीत असतं. त्यामुळे ज्या आठवड्यात तुमचे पेपर, त्याच आठवड्यात सगळ्यांना अचानक अलिबाग, कुलदैवत आणि दाताचं दुखणं आठवतं. साहेब म्हणतात, सगळ्यांना एकदम कसं सोडू? आणि त्या ‘सगळ्यांत’ तुम्ही असता. उपाय एकच, डिसेंबरच्या रजेचा अर्ज वेळापत्रक लागेल त्याच दिवशी द्यायचा. ईमेलने द्यायचा, वेळापत्रक जोडायचं आणि कारणाच्या रकान्यात ‘परीक्षा’ असंच लिहायचं. ‘घरगुती कारण’ लिहिलं की ती रजा सगळ्यात आधी कापली जाते, कारण घरगुती कारण साहेबांनाही असतं.

सीएलशिवाय भरपगारी रजा असते: वर्षात २४० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे एक, म्हणजे किमान बारा. ही जमा राहते, पंचेचाळीसपर्यंत. सरकारी नोकरीत आठ नैमित्तिक, तीस अर्जित आणि वीस अर्धपगारी. यातल्या अर्जित रजेचे पंधरा दिवस १ जानेवारीला पडतात आणि पंधरा १ जुलैला. परीक्षा जूनमध्ये. अध्ययन रजा नावाचीही एक चीज नियमांत आहे, पण त्या अभ्यासाचा कार्यालयाला काय उपयोग हे आधी पटवून द्यावं लागतं, आणि आवक-जावक टेबलाला मराठ्यांच्या इतिहासाचा उपयोग पटवून देणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता हे दोन हिशोब शेजारी ठेवा. १२० श्रेयांक, चार श्रेयांकांचा एक पेपर, म्हणजे तीस पेपर. तीन वर्षांत करायचे तर वर्षाला दहा. सीएल आठ. बसत नाही. पाच वर्षांत करायचे तर वर्षाला सहा, तीन जूनला, तीन डिसेंबरला. सहा सीएल पेपरला जातात, दोन उरतात. त्यातली एक तापाला आणि एक मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला. शिवाय ३,६०० तास पाच वर्षांवर पसरले की रोजचे दोन तासांच्या किंचित आत येतात. वर बघितलंत तर हातात नेमके दोनच तास होते. सत्त्याहत्तर मिनिटांची तूट कुठलीही सकाळी लवकर उठण्याची प्रतिज्ञा न करता नाहीशी होते. इग्नूच्या बीएला तीन वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पूर्ण करायची मुभा आहे, ती याचसाठी वापरायची. एवढा सोपा उपाय असून लोक तो करत नाहीत, कारण जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, ‘अजून संपलं नाही?’ शेजाऱ्यांना तोंड देणं सोपं की दहा पेपर आठ रजांत बसवणं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रजा कमी पडली तर ती पिकवावी लागते. त्यासाठी गणपती हा उत्तम हंगाम. ऑफिसातल्या कोकणातल्या सहकाऱ्याला काहीही झालं तरी चतुर्थीच्या आधी गावी पोचायचं असतं. गाडीचं आरक्षण त्याने कधीच करून ठेवलेलं असतं, रजा मात्र मंजूर नसते. अशा वेळी आपण होऊन म्हणायचं, ‘तुम्ही जा, तुमचं टेबल मी बघतो.’ तो पाच दिवसांनी मोदक घेऊन परततो. मोदक खायचे, आणि खाता खाता डिसेंबरच्या तीन तारखा त्याच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्याच्याच हाताने टाकून घ्यायच्या. तोंडी ठरलेली देवाणघेवाण दिवाळीपर्यंत विरते. हीच गोष्ट शनिवारच्या पाळीची आणि सुट्टीच्या दिवशी काम करून मिळणाऱ्या बदली रजेची. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इतरांसाठी उपयोगी पडणारा माणूस डिसेंबरमध्ये शांतपणे परीक्षा देतो.

साहेबांना सांगायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. मी सांगण्याच्या बाजूचा. लपवून शिकणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी हमखास फोन येतो, ‘ती फाइल कुठे ठेवलीय?’ आणि तो वर्गाबाहेर जमा केलेल्या बॅगेत वाजत राहतो. सांगितलं की धोका वेगळा: साहेब सगळ्यांसमोर कौतुक करतात आणि पुढच्या वाढीव कामाला ‘हा शिकतोय, याला जमेल’ म्हणून आपलंच नाव पुढे करतात. तरी सांगावं. सरकारी नोकरीत तर आधी परवानगी घेतलेली बरी. नाहीतर पदवी मिळते आणि सेवापुस्तकात तिची नोंद होत नाही.

स्वाध्याय ही पुढची पायरी, आणि तिथे बहुतेक जण गळतात. इग्नूत ३० टक्के गुण स्वाध्यायाला, ७० टक्के परीक्षेला, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. बीएच्या चार श्रेयांकांच्या विषयाचा स्वाध्याय साधारण असा असतो: पाचशे शब्दांची दोन उत्तरं, अडीचशेची तीन, शंभराची पाच. म्हणजे २,२५० शब्द, तेही हाताने. टाइप केलेलं चालत नाही. मराठी हाताने लिहिण्याचा वेग मिनिटाला पंधरा शब्द धरला तर नुसतं उतरवायला अडीच तास, विचार वेगळा. तीन विषय म्हणजे साडेसात तास. आणि जूनच्या परीक्षेसाठी हे जमा करायची नेहमीची तारीख कोणती? ३१ मार्च. अकाउंट्समध्ये नोकरी करणाऱ्याला ही तारीख सांगितली की तो आधी हसतो, मग खुर्चीत बसतो. मुदत बऱ्याचदा वाढते, पण ज्याने वाढीव मुदतीवर विसंबून सुरुवात केली त्याचं त्या वर्षी हमखास काहीतरी हुकतं. स्वाध्याय जानेवारीत लिहावेत. जानेवारीत ऑफिसला काम कमी असतं, आणि जिथे जास्त असतं तिथे निदान मार्चपेक्षा कमी असतं.

एका रविवारी एक विषय असं धरलं तर तीन रविवारांत काम होतं. पानाच्या एकाच बाजूला लिहावं, डावीकडे समास सोडावा, प्रत्येक विषय वेगळा बांधावा आणि पहिल्या पानावर नाव, नावनोंदणी क्रमांक, विषयाचा सांकेतांक, अभ्यासकेंद्राचा क्रमांक हे सगळं टाकावं. देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. दिल्यावर पोच घ्यायची, शिक्क्यासहित. ‘राहू द्या हो, कशाला पोच’ असं खिडकीतले गृहस्थ म्हणतील. तिथेच उभं राहायचं. पुढे कधी गुणपत्रिकेत स्वाध्यायाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ दिसली तर जगात ती पोच सोडून आपल्या बाजूने कुणीही साक्ष देत नाही.

आता ते रोजचे दोन तास. हिशोबात ते घरातले, पण त्यातला निम्मा भाग घरात मिळतच नाही, तो लोकलमध्ये भरून काढावा लागतो. कारण पावणेदोन तासांच्या प्रवासात गाडीचा असा तासभर तरी असतो. मात्र लोकलमध्ये काय वाचायचं हे जागेवर ठरतं, इच्छेवर नाही. खिडकी मिळाली तर नवीन घटक वाचावा, मांडीवर पुस्तक राहतं. फोर्थ सीट मिळाली, म्हणजे शरीराचा एक भाग बाकावर आणि बाकीचा देवाच्या हवाली, तर फक्त व्याख्या आणि सनावळ्या. हातातल्या चिठ्ठीवर मावेल तेवढंच. उभं राहायला मिळालं तर ऐकायचं. त्यासाठी आदल्या रविवारी घटकाचा सारांश स्वतःच मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. वीस मिनिटांत एक घटक बसतो. सव्वापट वेगाने लावला तर सोळा मिनिटांत संपतो. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो; ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक का पेंगतात याचा उलगडा होतो. सगळं आधी उतरवून ठेवलेलं हवं, धावत्या गाडीत नेटवर भरवसा ठेवू नये. आणि हिशोबाचा, सांख्यिकीचा पेपर लोकलमध्ये करायला जाऊ नये. ताळेबंदाला टेबल लागतं. उभ्याने केलेला ताळेबंद जुळत नाही, आणि चुकून जुळलाच तर शेजारचा प्रवासी त्यात घसारा धरला नाही हे दाखवून देतो.

जाडजूड पाठ्यपुस्तक डब्याच्या पिशवीत मावत नाही, आणि मावलं तर पोळीभाजीचं तेल तिसऱ्या प्रकरणापर्यंत झिरपतं. त्यावरचा उपाय ऐकून घरातली वडील मंडळी कानावर हात ठेवतात: पुस्तक कापायचं. झेरॉक्सवाल्याकडे कागद कापायचं मोठं यंत्र असतं. पुस्तकाचा कणा तीन-चार मिलिमीटर कापायला सांगायचा, त्याहून जास्त नाही; आतला समास किती आहे हे आधी मधलं पान पूर्ण उघडून बघायचं, नाहीतर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कण्यासोबत जातं. सुटी झालेली पानं घटकाप्रमाणे वेगळी करायची, प्रत्येक घटकाला डाव्या कडेला दोन स्टेपल, आणि बाहेरून प्लास्टिकची पारदर्शक फाइल. एक घटक पंधरा-वीस पानांचा, घडी न घालता ऑफिसच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात राहतो. आठवड्याला दोन घटक बाहेर काढायचे, बाकीचे घरी. मोठा फायदा मनाचा असतो. तीनशे पानांचं पुस्तक समोर असलं की माणूस मोबाइल उघडतो, अठरा पानं समोर असली की वाचून टाकतो. सरस्वतीचा कोप होईल म्हणणाऱ्यांना दसऱ्याच्या पाटीपूजनाला सगळे घटक पुन्हा एकत्र रचून दाखवावेत, झेंडूची फुलं वाहावीत.

रात्री साडेदहानंतर जेवून पुस्तक घेऊन बसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्याला अभ्यास म्हणवत नाही. एकच ओळ तीनदा वाचून होते, चौथ्यांदा हनुवटी पानाला टेकते. मग चहा. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या चहाचा निम्मा अंमल पहाटे तीनला शिल्लक असतो. त्याने अभ्यास होत नाही, फक्त झोप होत नाही. त्यापेक्षा घरी आल्यावर, जेवणाच्या आधी, कपडे बदलून लगेच चाळीस मिनिटं. पलंगावर अजिबात नाही. ज्यांच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं त्यांची गोष्ट वेगळी, ते तसेही उठलेले असतात. पिंप भरेपर्यंत एक छोटं उत्तर तयार होतं. फक्त नळावर लक्ष ठेवावं. ओली झालेली पानं वाळतात, पण चिकटतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वर जो हिशोब मांडला त्यात पोळ्या कुणीतरी केलेल्या आहेत. ज्या बाईला ऑफिसमधून येऊन त्या स्वतः कराव्या लागतात, तिच्या हातात दोन तास कधीच नसतात. अर्धा असला तर पुष्कळ. तिला ‘वेळेचं नियोजन कर’ असा सल्ला देणाऱ्याने आधी आठवडाभर कणीक मळून बघावी. तिच्यासाठी पाच वर्षांची योजनाच योग्य, शिवाय घरातल्या बाकीच्यांना स्वयंपाकातले दोन वार वाटून देणं हा तिच्या अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे, श्रेयांक मिळोत न मिळोत.

लग्नसराई मे महिन्यात, परीक्षा जूनमध्ये. म्हणून परीक्षेच्या तारखा नातेवाइकांत सत्यनारायणाच्या आमंत्रणासारख्या आधीच फिरवाव्यात. त्यातूनही एखादी मावशी म्हणतेच, ‘अगं, पुस्तक घेऊन ये की, हॉलवर वाच.’ जाऊ नये. मंगल कार्यालयात आजवर कुणाचाही घटक संपलेला नाही.

परीक्षेआधी मागच्या दहा परीक्षांचे पेपर काढावेत. वर्षाला दोन, म्हणजे पाच वर्षांचे. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. एका कागदावर घटकांची नावं उभी लिहायची आणि ज्या घटकावर प्रश्न आला तिथे एक रेघ. अर्ध्या तासात कागदच सांगतो, की काही घटक दर वेळी येतात आणि काही वर्षानुवर्षं कुणाला आठवलेले नाहीत. नेहमी येणारे आधी आणि नीट. न येणारे सोडून द्या असं मी म्हणणार नाही, पण लोकलच्या फोर्थ सीटवर वाचायला ते चांगले आहेत.

हाताचं विसरू नका. दिवसभर कीबोर्ड बडवणारा माणूस वर्षात हाताने लिहितो ते सही आणि बँकेची स्लिप. त्याला अचानक तीन तास लिहायला लावलं की पहिल्या तासानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि तिसऱ्या उत्तरात अक्षर डॉक्टरचं होतं. परीक्षेआधी सहा रविवार, दर रविवारी एक तास, न थांबता लिहायचं. पेन जेलचं नको, घामाच्या तळव्याखाली शाई पसरते. जूनमध्ये तर हमखास. बॉलपेन, निळं, आधी थोडं वापरून सैल झालेलं, आणि तसंच दुसरं जोडीला.

पेपर दोन वेळांत असतात: सकाळी १० ते १ किंवा दुपारी २ ते ५. केंद्र निवडायची संधी मिळाली तर बहुतेक जण घराजवळचं निवडतात. मी ऑफिसजवळचं म्हणेन. दुपारचा पेपर असेल तर अर्ध्या रजेत भागतं, आणि वाचलेली अर्धी रजा डिसेंबरला कामी येते. एकाच दिवशी दोन्ही वेळेला पेपर आला तर रजा एकच जाते, हात मात्र दोन्ही लागतात. पाऊस जोराचा असेल तर गाडीवर विसंबू नये, आदल्या रात्री केंद्राजवळच्या मित्राकडे मुक्काम करावा. तो आनंदाने ठेवून घेतो आणि रात्री एकपर्यंत गप्पा मारतो, तेव्हा कमी बोलणारा मित्र निवडावा.

निकाल लागतो, गुणपत्रिका येते, शेवटी पदवी. दीक्षांत समारंभ अर्थातच कामाच्या दिवशी असतो, आणि तोपर्यंत सीएल संपलेल्या असतात. पदवी टपालाने मागवता येते. पत्ता घरचा देऊ नका, पोस्टमन सकाळी अकराला येतो आणि कुलूप बघून परत जातो. मग शनिवारी पोस्टात रांग. ऑफिसचा पत्ता द्या. मात्र तिथे आलेलं प्रत्येक पाकीट आवक-जावकवाला फोडतो, आतल्या कागदावर तारखेचा शिक्का मारतो आणि आवक क्रमांक टाकतो. त्याला आधीच गाठून सांगून ठेवा: शिक्का पाकिटावर मार, पदवीवर नको.